बाळ काचेत, दावा कागदात

नवजात शिशूच्या उपचारांचा खर्च विमा कंपनी का नाकारते आणि नाकारल्यास पालकांनी काय करावे?

नेरूळ, प्रतिनिधी

‘‘बाळाला काचेत ठेवले आहे,’’ एवढे चार शब्द प्रसूतिगृहाबाहेर थांबलेल्या कुटुंबाच्या कानावर पडले की पेढ्यांचा बेत बाजूला राहतो. बाळ दिवसांआधी आलेले असते, वजन कमी भरलेले असते, श्वास घेताना धाप लागत असते किंवा तिसऱ्या-चौथ्या दिवशी कावीळ वाढलेली असते. आई एका खोलीत, बाळ दुसऱ्या मजल्यावरच्या नवजात अतिदक्षता विभागात आणि वडील तळमजल्यावरच्या बिल काउंटरवर अशी कुटुंबाची तीन ठिकाणी विभागणी होते. बाळ सुखरूप घरी आले की घर निःश्वास सोडते. नेमके तेव्हाच विमा कंपनीचे पत्र येते आणि त्यात ‘बाळाचा खर्च पॉलिसीच्या कक्षेत बसत नाही’ असे एका ओळीत लिहिलेले असते.

सिडकोने वसवलेल्या नेरूळमध्ये पगारदार, विभक्त कुटुंबांची संख्या मोठी आहे. वाशी, बेलापूर, ऐरोली, महापे येथील कार्यालयांत नोकरी आणि कंपनीने दिलेला ‘मेडिक्लेम’ एवढ्या भरवशावर अनेक दांपत्ये पहिल्या अपत्याची तयारी करतात. पॉलिसीत ‘मॅटर्निटी’ हा शब्द आहे, म्हणजे बाळाचेही झाले, असा समज त्यामागे असतो. वास्तविक बाळंतपणाचा खर्च आणि नवजात बाळाच्या आजारपणाचा खर्च या विम्याच्या भाषेत दोन स्वतंत्र बाबी आहेत. बाळ हा स्वतंत्र रुग्ण आहे, ही गोष्ट कागदावर किती स्पष्टपणे दिसते, यावरच बहुतेक वादांचा निकाल ठरतो.

नव्वद दिवसांचा उगम

भारतात ‘मेडिक्लेम’ या नावाने वैयक्तिक आरोग्य विमा १९८६ मध्ये सुरू झाला. सार्वजनिक क्षेत्रातील सर्वसाधारण विमा कंपन्यांनी आणलेल्या त्या पॉलिसीत मूल तीन महिन्यांचे झाल्यावरच आणि आई किंवा वडील यांच्यापैकी कोणी विमाधारक असेल तरच समाविष्ट करता येत असे. जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत आजारपणाची जोखीम सर्वाधिक असते. ती जोखीमच बाहेर ठेवण्याचा तो मार्ग होता. पुढे खासगी कंपन्या आल्या, पॉलिसींचे प्रकार वाढले, पण तीन महिन्यांची ही रेघ अनेक वैयक्तिक पॉलिसींमध्ये कायम राहिली.

विमा नियामकाच्या प्रमाणित व्याख्येनुसार पॉलिसीच्या मुदतीत जन्मलेले आणि ९० दिवसांपर्यंत वयाचे मूल म्हणजे ‘नवजात बाळ’. ही व्याख्या आहे, संरक्षणाची हमी नव्हे, हे पालकांनी प्रथम समजून घ्यावे. पॉलिसीच्या सुरुवातीच्या पानांवर ‘नवजात बाळ’ हा शब्द दिसला म्हणजे त्याचा खर्च मिळेलच असे नाही. लाभांच्या यादीत त्या नावाचे स्वतंत्र कलम आहे का, हे पाहावे लागते.

स्थूलमानाने पॉलिसींचे तीन प्रकार आढळतात. पहिल्या प्रकारात बाळंतपण आणि नवजात बाळ दोन्ही वगळलेले असतात आणि ९० दिवसांनंतर मूल समाविष्ट करता येते. दुसऱ्या प्रकारात ठरावीक प्रतीक्षाकाळानंतर बाळंतपणाचा खर्च मिळतो आणि त्यासोबत बाळालाही मर्यादित संरक्षण असते. वैयक्तिक पॉलिसींमध्ये हा प्रतीक्षाकाळ साधारणतः नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंत असतो, म्हणून गर्भधारणा झाल्यावर घेतलेली पॉलिसी त्या बाळंतपणाच्या कामी क्वचितच येते. तिसरा प्रकार नोकरीतील समूह पॉलिसींचा. त्यांत प्रतीक्षाकाळ बहुधा माफ असतो आणि ‘पहिल्या दिवसापासून बाळाला संरक्षण’ असे कलम असते. नेरूळसारख्या वस्तीतील बहुतेक वाद या तिसऱ्या प्रकारातील आहेत, कारण आशा तेथेच निर्माण होते.

आईचा खर्च की बाळाचा?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. कुटुंबाला पाच लाख रुपयांचे एकत्रित विमाछत्र आहे. बाळंतपणासाठी त्यात ५० हजार रुपयांची मर्यादा आहे. बाळ ३३व्या आठवड्यात जन्मले आणि १४ दिवस अतिदक्षता विभागात राहिले. आईचे बिल ९० हजार रुपये आणि बाळाचे तीन लाख २० हजार रुपये झाले. विमा कंपनीने ‘अकाली जन्म ही बाळंतपणातील गुंतागुंत आहे’ असे म्हणून दोन्ही बिले एकाच मर्यादेत बसवली, तर कुटुंबाच्या हाती केवळ ५० हजार रुपये पडतात. याउलट बाळाला पहिल्या दिवसापासून कुटुंबाचा विमाधारक सदस्य मानले, तर आईच्या बिलापोटी ५० हजार आणि बाळाच्या बिलापोटी न मिळणाऱ्या किरकोळ बाबी वगळता तीन लाखांच्या घरात रक्कम मिळते. एका वाक्याच्या अर्थावर एवढा फरक पडतो.

अशा वेळी पॉलिसीतील मूळ शब्द काढून वाचावेत. प्रमाणित अपवादांच्या यादीत बाळंतपणाचा अपवाद संकेतांक १८ खाली येतो. त्यात प्रसूतीशी निगडित वैद्यकीय उपचारांचा खर्च, गुंतागुंतीची प्रसूती आणि सिझेरियन यांचा उल्लेख आहे. गर्भाशयाबाहेरील म्हणजे ‘एक्टोपिक’ गर्भधारणा त्यातून वगळलेली आहे. जन्मलेल्या बाळाला झालेला जंतुसंसर्ग, श्वसनाचा विकार किंवा कावीळ यांचा त्या कलमात शब्दाने उल्लेख नाही. बाळ विमाधारक असेल, तर त्याचा आजार हा त्याचा स्वतःचा आजार आहे, असा युक्तिवाद पालकांना याच आधारावर करता येतो.

तथापि, काही समूह पॉलिसींमध्ये ‘नवजात बाळाचा खर्च बाळंतपणाच्या मर्यादेतच धरला जाईल’ असे स्पष्ट लिहिलेले असते. तसे असल्यास बाजू कमकुवत होते. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये दोन निकालांतून या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मांडल्या आहेत. युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध पुष्पालय प्रिंटर्स या प्रकरणात, कलमाचे दोन अर्थ निघत असतील तर विमाधारकाला अनुकूल अर्थ घ्यावा, असे तत्त्व न्यायालयाने लावले. त्याच कंपनीच्या हरचंद राय चंदनलाल प्रकरणात, कलम स्पष्ट असेल तर ते जसे आहे तसेच वाचावे लागेल, असे न्यायालयाने सांगितले. पहिले प्रकरण छापखान्याच्या नुकसानीचे व दुसरे चोरीच्या विम्याचे होते, पण विमा करार कसा वाचावा याचे सूत्र आरोग्य विम्यालाही तेच लागू पडते. म्हणून तक्रार लिहिण्यापूर्वी आपले कलम संदिग्ध आहे की स्पष्ट, हे प्रामाणिकपणे तपासावे.

जन्मजात दोषांचा प्रश्न

‘जन्मजात दोष वगळलेले आहेत’ हे नकाराचे दुसरे नेहमीचे कारण. येथे नियामकाने केलेला भेद महत्त्वाचा आहे. शरीराच्या दृश्य भागावर असलेला दोष हा बाह्य जन्मजात दोष. दुभंगलेला ओठ किंवा वाकडे पाऊल ही त्याची उदाहरणे. डोळ्यांना न दिसणारा, म्हणजे हृदयातील छिद्र किंवा आतड्यातील अडथळा यांसारखा दोष अंतर्गत मानला जातो. भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने, म्हणजे इर्डाने, सप्टेंबर २०१९ मध्ये अपवादांच्या प्रमाणीकरणाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. अंतर्गत जन्मजात आजार आणि जनुकीय विकार यांना पॉलिसीतील अपवाद म्हणून ठेवू नये, असे त्यांत कंपन्यांना सांगण्यात आले. जनुकीय विकाराच्या कारणावरून दावे नाकारू नयेत, असे परिपत्रक त्याआधीच मार्च २०१८ मध्ये निघाले होते.

त्याच सूचनांतील आणखी दोन बाबी अकाली जन्मलेल्या बाळांच्या दृष्टीने मोलाच्या आहेत. व्हेंटिलेटरसारख्या कृत्रिम जीवनाधाराचा खर्च आणि मुख्यतः नळीवाटे अन्न देण्यासाठी करावे लागलेले दाखलपण या दोन्ही बाबी अपवाद म्हणून ठेवण्यास मनाई करण्यात आली. दिवसांआधी जन्मलेले बाळ अनेकदा श्वसन सावरल्यानंतरही ओढून दूध पिऊ शकत नाही, म्हणून त्याला नळीने दूध द्यावे लागते. ‘शेवटचे पाच दिवस केवळ वजन वाढवण्यासाठी ठेवले’ असा शेरा मारून ते दिवस कापले गेले, तर ही तरतूद पुढे करता येते.

मात्र अपवाद नसणे आणि बाळ विमाधारक असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. पॉलिसीत ९० दिवसांपर्यंत बाळाला जागाच नसेल, तर जन्मजात आजाराचा अपवाद काढल्याने पहिल्या आठवड्यातील शस्त्रक्रियेचा खर्च मिळत नाही.

कपातीची कात्री

दावा मंजूर झाला तरी संपूर्ण रक्कम मिळत नाही, ही दुसरी तक्रार. यातील काही कपाती नियमानुसार असतात. बाळाचे अन्न आणि बाळाच्या वापराच्या वस्तू या कंपनीवर बंधनकारक नसलेल्या बाबींच्या यादीत अगदी सुरुवातीला येतात. निरोगी बाळाचे ‘बेबी चार्जेस’ वेगळा उल्लेख नसल्यास खोलीभाड्यात समाविष्ट धरले जातात. लसीकरणाचा खर्चही पॉलिसीत तसे लिहिले असेल तरच मिळतो. यासाठी भांडण्यात वेळ दवडू नये.

प्रमाणबद्ध कपात मात्र तपासून पाहावी. आईने पॉलिसीतील मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली, की त्या प्रमाणात इतर खर्चही कापला जातो. ही कपात अतिदक्षता विभागाच्या शुल्काला लावता येणार नाही, तसेच औषधे, शरीरात बसवायची उपकरणे आणि तपासण्या यांनाही लावता येणार नाही, असे इर्डाने जून २०२० मध्ये स्पष्ट केले. खोलीच्या दर्जानुसार जे दर बदलत नाहीत, त्यांवर खोलीभाड्याचे प्रमाण लावणे तर्कालाही धरून नाही. आईच्या खोलीमुळे बाळाच्या अतिदक्षता विभागाचे बिल कापले गेले असेल, तर हा मुद्दा तक्रारीत पहिल्या क्रमांकावर लिहावा.

तिसरा मुद्दा लहान बालरुग्णालयांचा आहे. नवी मुंबईत केवळ नवजात आणि लहान मुलांसाठी चालणारी मोजक्या खाटांची रुग्णालये आहेत. ‘येथे १५ खाटा नाहीत, म्हणून हे रुग्णालयच नव्हे’ असे कारण देऊन दावा नाकारला जाऊ शकतो. ‘रुग्णालय’ या शब्दाच्या प्रमाणित व्याख्येत दहा लाखांहून कमी वस्तीच्या गावात दहा आणि इतरत्र १५ खाटांची अट जरूर आहे. पण त्याच व्याख्येत त्याआधी पर्याय दिलेला आहे. संबंधित कायद्याखाली स्थानिक प्राधिकरणाकडे नोंदणी झालेली संस्थाही रुग्णालय ठरते. महाराष्ट्रात ही नोंदणी १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली होते आणि नेरूळपुरते ते प्राधिकरण नवी मुंबई महापालिका आहे. रुग्णालयाच्या नोंदणी प्रमाणपत्राची प्रत जोडल्यास या आक्षेपाला उत्तर मिळते.

बारशाची वाट पाहू नका

समूह पॉलिसीत बाळ पहिल्या दिवसापासून विमाधारक असले, तरी त्याची नोंद करून घेण्याची जबाबदारी कर्मचाऱ्यावर असते. त्यासाठी बहुधा ३० दिवसांची मुदत दिलेली असते. आपल्याकडे याच काळात घर थांबलेले असते. पहिले बाळंतपण माहेरी, नाव ठेवायचे बाराव्या दिवशी किंवा त्यानंतर आणि सव्वा महिना आई-बाळाने घराबाहेर पडायचे नाही, असा रिवाज. ‘नाव ठरले की फॉर्म भरू’ असे म्हणता म्हणता मुदत निघून जाते.

नोंदीसाठी नावाची गरज नसते. रुग्णालयाच्या कागदांवर ‘बेबी ऑफ’ या शब्दांपुढे आईचे नाव असते, तेवढ्यावर सूचना देता येते. जुळी असतील तर पहिले आणि दुसरे बाळ असे स्वतंत्र उल्लेख, स्वतंत्र नोंदणी क्रमांक आणि स्वतंत्र बिले मागून घ्यावीत. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत व्हावी लागते. रुग्णालयातील जन्माची माहिती रुग्णालयच निबंधकाला कळवते, तथापि ती खरोखर गेली का, हे विचारून घ्यावे. नावाविना जन्माचा दाखला मिळतो आणि नाव नंतर चढवता येते.

माहेर सातारा, नगर किंवा रत्नागिरीला असेल तर आणखी एक काम आधी करावे. तेथील कोणत्या रुग्णालयात आपल्या पॉलिसीची कॅशलेस सोय आहे आणि त्यात नवजात अतिदक्षता विभाग आहे का, याची चौकशी सातव्या महिन्यातच करून ठेवावी. प्रसूतिगृह यादीत आहे, पण बाळाला जेथे हलवले ते बालरुग्णालय यादीत नाही, असा प्रसंग वारंवार घडतो.

एवढे करूनही सूचना द्यायला उशीर झाला, तर हक्क संपला असे समजू नये. केवळ सूचनेच्या किंवा कागदपत्रांच्या विलंबावरून खरे दावे यांत्रिकपणे फेटाळू नयेत, असे नियामकाने सप्टेंबर २०११ मध्ये कंपन्यांना बजावले होते. सर्वोच्च न्यायालयानेही २०१७ मध्ये ओमप्रकाश विरुद्ध रिलायन्स जनरल या प्रकरणात, विलंबाचे समाधानकारक कारण असेल तर दावा फेटाळणे योग्य नाही, असे म्हटले आहे. बाळ अतिदक्षता विभागात असणे, यापेक्षा समाधानकारक कारण कोणते असेल?

रुग्णालयात असतानाच

वादाचे मूळ बहुतेकदा रुग्णालयाच्या कागदात असते. बाळाचे निदान आईच्या डिस्चार्ज कार्डावर एका ओळीत लिहिलेले असेल, तर कंपनी तो आईचा खर्च धरते. म्हणून बाळाचे स्वतंत्र दाखलपत्र, स्वतंत्र डिस्चार्ज कार्ड आणि स्वतंत्र बिल असावे. जन्माचा आठवडा, वजन, निदान, अतिदक्षता विभागात ठेवण्याचे वैद्यकीय कारण, ऑक्सिजन, व्हेंटिलेटर किंवा प्रकाशोपचार किती दिवस दिले, हे त्यात तारखांसह हवे. ‘निरीक्षणासाठी ठेवले’ एवढाच शेरा असेल तर डॉक्टरांना विनंती करून जे घडले ते नेमक्या शब्दांत लिहून घ्यावे. न घडलेले मात्र लिहून घेऊ नये. तपासात ते उघडे पडते आणि खरा दावाही बुडतो.

उपचारांची संपूर्ण कागदपत्रे मागण्याचा पालकांना अधिकार आहे. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत ती द्यावी लागतात. मुंबई उच्च न्यायालयानेही १९९६ मध्ये रघुनाथ रहेजा प्रकरणात रुग्णालयांची ही जबाबदारी मान्य केली होती. मागणी लेखी करावी आणि पोच घ्यावी.

कॅशलेस सुविधेबाबत इर्डाने २९ मे २०२४ च्या मुख्य परिपत्रकात मुदती आखून दिल्या आहेत. कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात निर्णय आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत अंतिम मंजुरी द्यावी लागते. त्यापुढे उशीर झाल्याने रुग्णालयाने जादा आकारणी केली, तर तो भार कंपनीने उचलायचा आहे. कोणत्या वेळी विनंती गेली आणि कोणत्या वेळी उत्तर आले, ते टिपून ठेवावे. कॅशलेस नाकारणे म्हणजे दावा नाकारणे नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. बिल भरून नंतर परताव्याचा दावा करता येतो.

नकाराचे पत्र आल्यावर

पहिले काम म्हणजे पत्र नीट वाचणे. ते कोणी पाठवले आहे? रुग्णालय आणि कंपनी यांच्यामध्ये काम करणाऱ्या टीपीए संस्थेला स्वतःच्या अधिकारात दावा फेटाळता येत नाही, तो निर्णय विमा कंपनीचाच असावा लागतो. २०२४ च्या परिपत्रकानुसार कंपनीच्या दावा आढावा समितीच्या किंवा उत्पादन व्यवस्थापन समितीच्या मंजुरीशिवाय दावा नाकारता येत नाही. कोणत्या कलमाखाली नाकारला, तेही पत्रात नमूद करावे लागते. ‘पॉलिसीच्या अटींनुसार देय नाही’ एवढेच लिहिले असेल, तर कलम क्रमांक आणि समितीचा निर्णय लेखी मागावा.

त्यानंतर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. तिचे निवारण दोन आठवड्यांत अपेक्षित असते. त्याच वेळी इर्डाच्या ‘बीमा भरोसा’ या व्यवस्थेत नोंद करता येते. त्यासाठी १५५२५५ किंवा १८०० ४२५४ ७३२ हे निःशुल्क क्रमांक आहेत. नियामक स्वतः निवाडा देत नाही. परंतु तक्रार त्याच्या नोंदीत गेली की कंपनीला उत्तर द्यावे लागते.

महिनाभरात उत्तर आले नाही किंवा ते समाधानकारक नसेल, तर विमा लोकपालाचा मार्ग खुला होतो. येथे वकील लागत नाही आणि शुल्कही नाही. नवी मुंबई पूर्वी पुण्याच्या लोकपाल कार्यालयाच्या कक्षेत होती. नेरूळच्या रहिवाशाला घरापासून मुंबईचे कार्यालय जवळ, पण दाद मात्र पुण्यात, अशी ती स्थिती होती. आता ठाण्यात स्वतंत्र कार्यालय झाले असून नवी मुंबई त्याच्या कक्षेत येते. तक्रार ऑनलाइन करता येते आणि सुनावणी दूरदृश्य प्रणालीनेही होऊ शकते.

लोकपालाकडे कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत जावे लागते. नोव्हेंबर २०२३ पासून ५० लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारी तेथे चालतात. आधी ही मर्यादा ३० लाख होती. समूह पॉलिसीतील कर्मचाऱ्यालाही २०१७ च्या नियमांनुसार तेथे दाद मागता येते. आवश्यक कागद मिळाल्यापासून तीन महिन्यांत निवाडा अपेक्षित असतो आणि कंपनीने तो ३० दिवसांत अमलात आणायचा असतो. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसासाठी तक्रारदाराला पाच हजार रुपये देण्याची तरतूद २०२४ मध्ये झाली. निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तक्रारदाराला तो मान्य नसेल, तर पुढे ग्राहक आयोगाकडे जाता येते. मात्र प्रकरण आधीच आयोगात किंवा न्यायालयात दाखल असेल, तर लोकपाल ते ऐकत नाही. क्रम चुकवू नये.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरी करतो, त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची आहे. आयोगाची पायरी आता दाव्याच्या रकमेवर नव्हे, तर मोबदला म्हणून भरलेल्या रकमेवर, म्हणजे विम्याच्या बाबतीत हप्त्यावर ठरते. जिल्हा आयोगाची मर्यादा ५० लाख असल्याने आरोग्य विम्याचे जवळपास सर्व वाद तेथेच चालतात. मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही. नेरूळकरांसाठी अतिरिक्त ठाणे जिल्हा आयोगाचे कामकाज बेलापूरच्या कोकण भवनात चालत आले आहे. लोकलने दोन स्थानकांचा हा प्रवास आहे. दाव्याच्या विलंबासाठी बँक दरापेक्षा दोन टक्के अधिक व्याज देण्याची तरतूद विमा नियमांतच आहे. तक्रारीत मूळ रकमेसोबत ते व्याज, मानसिक त्रासाची भरपाई आणि खर्च यांची स्वतंत्र मागणी करावी.

विम्याचे दार बंद असेल तर

पॉलिसीत बाळाला खरोखरच जागा नसेल, तर तक्रारीत वर्ष घालवण्याऐवजी इतर दारे ठोठवावीत. २०११ मध्ये सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली शासकीय आरोग्य संस्थांत आजारी नवजात बाळावर विनामूल्य उपचार होतात. आधी ३० दिवसांपर्यंत असलेली ही सोय नंतर एक वर्षापर्यंत वाढवण्यात आली. २०१३ च्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दुभंगलेला ओठ, वाकडे पाऊल, हृदयातील जन्मजात दोष अशा व्याधींचा समावेश आहे. खासगी पॉलिसी ज्या बाह्य दोषांना हात लावत नाही, त्यांतील काही येथे बसतात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा विस्तार राज्यातील सर्व कुटुंबांपर्यंत आणि वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत करण्याचा निर्णय राज्य शासनाने जुलै २०२३ मध्ये घेतला. योजनेत सहभागी रुग्णालयातील आरोग्यमित्राला बाळ दाखल करतानाच भेटावे. राज्य कामगार विम्याच्या छत्राखाली येणाऱ्या औद्योगिक कामगारांनी आपल्या योजनेची सोय आधी पाहावी.

हे करून ठेवा

• गर्भधारणा निश्चित होताच पॉलिसीतील चार गोष्टी शोधाव्यात : बाळंतपणाची मर्यादा, बाळ पहिल्या दिवसापासून विमाधारक आहे का, त्याचा खर्च कोणत्या मर्यादेत धरला जातो आणि त्याची नोंद किती दिवसांत करायची.

• समूह पॉलिसीची संपूर्ण प्रत मनुष्यबळ विभागाकडून ई-मेलने मागून घ्यावी. माहितीपत्रक पुरेसे नाही. आठव्या महिन्यात नोकरी बदलल्यास जुने छत्र संपते, हेही गणितात धरावे.

• बाळ जन्मताच, शक्यतो त्याच दिवशी, कंपनीला आणि मनुष्यबळ विभागाला लेखी सूचना पाठवावी. नाव, दाखला, छायाचित्र यांसाठी थांबू नये.

• बाळाचे सर्व कागद आईपासून वेगळे ठेवावेत. दूरध्वनीवरील प्रत्येक संभाषणानंतर दोन ओळींचा ई-मेल करावा.

• मूळ कागद देण्यापूर्वी प्रत्येक पानाची प्रत काढून ठेवावी.

मुदत ठेवीची पावती किंवा सोसायटीची भागपत्रे आपण जपून फाइलला लावतो. आरोग्य विम्याची पॉलिसी मात्र ई-मेलमध्ये न उघडलेली पडून राहते. ती एकदा वाचायला अर्धा तास लागतो. बाळ काचेत असताना तो अर्धा तास कोणाजवळच नसतो, म्हणून तो आधी काढावा.